साहेबांच्या मागून हसणारा

कळंबच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा आला, की तहसीलीतला एक कारकून साहेबांच्या खुर्चीमागचा बाक धरायचा. जुनी मुकी पिक्चरं, धपाधप पडणारी माणसं. आम्ही मातीत बसून पोट धरून हसायचो. हा आधी मान लांब करून साहेबांचं तोंड बघायचा. साहेब हसले, की मग याचे दात बाहेर. असलं उसनं हसू मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही.

एकदा विचारलंच, "तुम्हाला आपलं आपण हसू येत न्हाय का?"

टोपी सारखी करत म्हणाला, "येतंय की. पण साहेबांच्या आधी कसं हसावं?"

त्याच दिवशी खेळ सुटल्यावर साहेबांचा पाय तंबूच्या दोरीत अडकला आणि ते धुळीत आडवे झाले. सगळा तंबू हसला. कारकुनानं साहेबांचं तोंड बघितलं. ते हसत नव्हते. मग या गड्यानं पांढऱ्याफेक धोतरासकट त्यांच्या शेजारी अंग टाकलं आणि ओरडला, "दोरीच लई वाईट बांधलीय हो!"

आजही ती पिक्चरं बघताना मला तोच आठवतो. पडद्यावरचा माणूस पडला की लगेच उठायचा तरी. हा मात्र साहेब उठेपर्यंत उठला नाही.