मेलबर्न ते नागपूर, बारा तास

आई गेल्याचा मामाचा फोन आला तेव्हा मेलबर्नच्या घरात मी भांडी घासत होतो. नळ बंद केला, हात पुसले. रडू काही आलं नाही. मामाने एवढंच विचारलं, "किती घंटे लागते तुले याले? तितकं ठेवतो तिले."

मी फोनवरच शोधलं. मेलबर्न ते नागपूर. उत्तर लगेच आलं: साडेनऊ हजार किलोमीटर, बारा तास. नागपूरहून आमच्या गावाला, आर्णीला, वरचे चार धरले आणि सांगून टाकलं, "सोळा घंटे, मामा."

"म्हणजे सकाळी आठ-नऊ. हौ, चालते."

मग तिकीट काढायला बसलो. बारा तास म्हणे, खाक! बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. नागपूरला थेट विमानच नाही. सिंगापूरला उतरा, मुंबईत रात्र काढा, मग नागपूर. तेही पहिलं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. घरच्या दारापर्यंत चव्वेचाळीस तास होत होते.

तेव्हाच मामाला फोन करायला हवा होता. कळत नव्हतं असं नाही. पण चव्वेचाळीस म्हटलं तर मे महिन्याच्या उन्हात मयत कोण ठेवील? सोळा सांगितलेत तर सोळा थांबतील, मग आणखी थोडं थांबतील, निदान तिचं तोंड तरी दिसेल, असं माझ्या मनात होतं. लबाडीच होती ती, दुसरं काय! मी गप्प बसलो आणि बॅग भरली.

सिंगापूरला उतरून फोन चालू केला तर मामाच.

"कळंब सुटलं का रे?" नागपूरहून निघालेल्या माणसाला आमच्याकडे हेच विचारतात. कळंब सुटलं म्हणजे आलाच.

"मामा, मी सिंगापूरले आहो."

"ते कुठी आलं?"

"अर्ध्यावर."

"अरे बापा," मामा म्हणाला. मागून कोणीतरी म्हणत होतं, बर्फाचं पाणी झालं, आता उचला. मामाने फोन ताईकडे दिला. "आता नाही जमत रे," एवढंच ती बोलली.

मी रांगेत उभा राहून कॉफी घेतली. सगळी प्यायलो. चांगली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आर्णीला पोचलो. मंडळी राख सावडून आली होती. कोणी रागावलं नाही. मामाने पाठीवर हात ठेवला, तोही मला कळला नाही नीट. ताईने जेवायला वाढलं, मी जेवलो. मग तिला विचारलं, "कशी दिसत होती?"

"तू सोळा घंटे म्हणालता न," ताई म्हणाली. "मामानं तोंड उघडंच ठेवा म्हटलं, तू येशीन म्हणून. मी रातभर माशा हाकलत बसली. सकाळी तर पाहवत नव्हतं. बरं झालं, तुले नाही पाहा लागलं."

मला हायसं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे. ताई माझ्या तोंडाकडेच बघत होती. तिने ताट उचललं आणि आत गेली. अजूनही दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो, पण कधी येतो म्हणून ती मला विचारत नाही.