लोडरच्या पट्ट्याचा कॉटर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी आयुष्यात दुसरं काही लपवू शकलो नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी संशयी माणूस आहे. दूधवाल्याने मापावर चार थेंब जास्त घातले तर मला वाटतं, आज पाणी जास्त पडलं असणार. कोणी रस्त्यात हसून नमस्कार केला की घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच — याला काय हवं असेल? घरात याची थट्टा व्हायची. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा. मला कोणी बनवू शकत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिवंडीत राहायचो आणि कशेळीला खाडीकाठच्या भरावाच्या कामावर फिटर होतो. गोदामं बांधायची म्हणून दलदलीत मुरूम टाकून जमीन वर आणायचं काम चाललं होतं. आमच्या सेठने कुठून तरी एक जुना परदेशी लोडर मिळवला होता. बुटका, चार चाकांचा, पुढच्या सुपाने मुरूम उचलणारा, जागच्या जागी गर्रकन वळणारा. चिखलात मात्र त्याची चाकं नुसतीच फिरायची. म्हणून दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या टायरवरून मिळून एकेक लोखंडी पट्टा चढवायचा. ते काम माझं. टायरमधली हवा थोडी सोडायची, पट्टा जमिनीवर अंथरायचा, मशीन त्यावर आणायचं, पट्ट्याची दोन टोकं टायरांवरून ओढून जुळवायची आणि त्यांत जाड पिन ठोकायची. पिन सरकू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात कॉटर — बोटाएवढी दुहेरी पिन, जिची टोकं दुमडून टाकतात. मग पुन्हा हवा भरली की पट्टा ताणून बसतो.

तर हा पट्टा सारखा उतरायला लागला.

लोडर चालवायचा काशिनाथ. गणेशपुरीच्या बाजूचा, भातशेती करणाऱ्या घरातला. त्याच्या घरात स्टिअरिंगला हात लावणारा हा पहिलाच. गावात त्याला लोक 'डायवर' म्हणायला लागले होते, आणि ते सांगताना तो लाजायचा. सकाळी आल्या आल्या लोडरभोवती एक फेरी मारायचा, फडक्याने पुसायचा, मगच चढायचा. पट्टा उतरला की तो मदतीला यायचा. मी म्हणायचो, राहू दे, बस तू. मग तो बांधावर बसून बिडी पेटवायचा, आणि मी गुडघाभर चिखलात उभा राहून त्याच्यावर खार खायचो. बसायला मीच सांगितलेलं असायचं, ते कुठे आठवतंय तेव्हा?

हळूहळू मनाने घेतलं, की हाच मुद्दाम पट्टा उतरवतो. बसून राहायला मिळतं ना. एकदा त्याने माझ्या घरी घरचा नवा तांदूळ आणून दिला. बायको खूश झाली. मी विचार करत बसलो — हा तांदूळ कशाबद्दल? तोंड बंद ठेवण्याबद्दल? तांदूळ मात्र आम्ही सगळा खाल्ला.

त्यातच सेठचा पारा चढला. "मिस्त्री, अगली बार पट्टा उतरा तो तुम घर बैठो," असं त्याने मला सगळ्यांदेखत सुनावलं. काशिनाथ बाजूलाच उभा होता. तो खाली मान घालून हसतोय, असा मला भास झाला. भास म्हणतोय तो आज. तेव्हा खात्रीच होती.

आता पुढचं. सांगायचंच आहे, तर सरळ सांगतो.

त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर मी लोडरच्या उजव्या पट्ट्याचा कॉटर सरळ केला, ओढून काढला आणि खिशात टाकला. परीक्षा घ्यायची होती. काशिनाथ प्रामाणिक असेल तर सकाळच्या फेरीत बघेल आणि मला येऊन सांगेल. नाही सांगितलं तर चोर सापडला. खाडीच्या उतारावर पट्टा सुटला तर मशीन माणसासकट कलंडेल, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी फिटर होतो. तरी काढला.

सकाळी मी मुरमाच्या ढिगाआड उभा राहून पाहत होतो. काशिनाथने फेरी मारली. उजव्या बाजूला वाकला. थांबला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं — त्या बघण्याने माझी छाती कशी फुलली म्हणून सांगू — आणि सीटखालून तार काढून पिनेच्या भोकात ओवली, पक्कडीने पिळली, आणि कोणालाही न सांगता लोडर चालू केला.

मी थेट सेठकडे गेलो. काशिनाथ पट्ट्याशी खेळ करतो, आज रंगेहाथ सापडलाय, असं सांगितलं.

सेठने लोडर थांबवला, तार बघितली. कॉटर कुठे आहे, म्हणून ओरडला.

"पडला असंल, सेठ," काशिनाथ म्हणाला.

सेठ माझ्याकडे वळला. मी शांतपणे सांगितलं, की टोकं दुमडलेला कॉटर आपोआप पडत नाही. तो मी स्वतः घातला होता, स्वतः दुमडला होता. यातला शब्द न् शब्द खरा होता. कॉटर माझ्या खिशात होता, मांडीला टोचत होता.

काशिनाथने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, समजून घेत असल्यासारखं. मग त्याने फडकं सीटवर ठेवलं, डबा घेतला आणि तो निघून गेला. कामावरून काढलेला, तेही मशीन बिघडवणारा म्हणून. त्या भागात त्याला पुन्हा कोणी मशीनवर बसवणार नव्हतं.

नव्या ड्रायव्हरच्या हातीही पट्टा उतरला. तेव्हा मी टायर तपासले. एका व्हॉल्व्हमधून हवा जात होती. टायर रात्रीत बसायचा आणि पट्टा ढिला पडायचा. हवा बघणं माझंच काम होतं. मी गुपचूप व्हॉल्व्ह बदलला. त्यानंतर पट्टा उतरला नाही. काशिनाथनेच आधी बिघडवून ठेवला होता, असं सेठ म्हणाला. मी मान डोलावली.

काही वर्षांनी तो मला धामणकर नाक्यावर दिसला. सुताच्या गाठींची हातगाडी ओढत होता. मी रस्ता ओलांडायला वळलो, पण त्याने हाक मारली. गाडी कडेला लावून आला. माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? याला पैसे हवे असणार.

"वैनी बरी हाय ना, मिस्त्री?" त्याने विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या दिशी तुमी कॉटर घालाया इसरला व्हता. मना लगेच कललं. सेठ तुमाला काढनार व्हता, म्हनून म्या तार घातली, बोललो न्हाय कुनाला. मंग तुमी घाबरून खोटं बोललात. पोराबालांचा मानूस घाबरतो. मी मनात न्हाय ठेवलं काय."

म्हणजे इतकी वर्षं तो मला विसराळू आणि भित्रा समजत होता. त्या दोन्हींबद्दल त्याने मला माफही करून टाकलं होतं. मी जे केलं होतं ते त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिथे, त्या गर्दीत, एक वाक्य बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं.

"हो रे," मी म्हणालो, "विसरलो होतो."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.