गुलाबी पाणी

क्लिफर्ड रॅम्सडेन आधी ऐकू येतो, मग दिसतो. शेताच्या फाटकातून त्याची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आत वळते न वळते तोच गाडीच्या खिडकीतून त्याचं सुरू होतं. गवत ओलं आहे, चाकं रुततील. कोपऱ्यातल्या त्या शहाण्याने मंडप वाऱ्याच्या तोंडावर लावलाय. उत्तर इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या बस डेपोत त्याने सगळं आयुष्य फिटर म्हणून काढलं. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला बस उरल्या नाहीत, म्हणून तो आमच्या गाड्यांकडे वळला. तुम्ही खुर्ची टाकून निवांत बसलेले असता आणि तुमच्या कॅराव्हॅनखालून दोन बूट बाहेर आलेले दिसतात. ते क्लिफर्डचे असतात. टायर वरून कितीही धडधाकट दिसला तरी तो कडेला कोरलेली तारीख वाचतो आणि पाच वर्षं झाली असतील तर मालकाला तसं मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. त्याचा राग येत नाही, कारण पुढच्या खेपेला तोच जॅक घेऊन टायर बदलायला हजर असतो.

आमचं मंडळ लहान आहे. बहुतेक जण सत्तरी ओलांडलेले. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जवळपासच्या एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात जायचं, तीन-चार रात्री राहायचं आणि परत यायचं. लांब जात नाही. दोन तासांचा रस्ता म्हटला तरी आमच्यातले निम्मे दोनदा थांबतात. संध्याकाळी खुर्च्या गोल मांडून चहा होतो, कोणीतरी डुकराच्या खिम्याची पेस्ट्री कापतं, आणि गुडघे, साखर, मोतीबिंदू हे विषय निघतात. म्हणजे बायकांचे निघतात. बायका मोकळेपणाने बोलतात. पुरुष टायरबद्दल बोलतात.

पुरुष एकत्र जमतात ते सकाळी, मोरीवर. कॅराव्हॅनच्या संडासाखाली एक टाकी असते. ती रोज ओढून काढायची आणि कुरणाच्या कोपऱ्यात बांधलेल्या मोरीत रिकामी करायची. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. असं कोणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण मोडलेलंही कोणी पाहिलं नव्हतं. न्याहारी झाली की चार-पाच म्हातारे आपापली टाकी छोट्या चाकांवर, प्रवासाची बॅग ओढावी तशी ओढत निघतात आणि रांगेत उभे राहतात. वारा कुठून येतोय, कालची मॅच कोण हरलं, हे बोलणं होतं. हातात काय आहे त्याबद्दल अवाक्षर नाही. एकाची टाकी रिती होत असेल तेव्हा बाकीचे डोंगराकडे बघतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही पेटली ब्रिजजवळच्या कुरणात होतो. तिथे ईनिड आली. तिचा नवरा लेस्ली हिवाळ्यात गेला होता. ती कॅराव्हॅन विकून टाकेल असं आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. ती स्वतः गाडी चालवत, कॅराव्हॅन ओढत आली. इतकी सावकाश, की मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने हात करून तिला मागे टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेस्लीची टाकी ओढत मोरीच्या रांगेत येऊन उभी राहिली.

रांग एकदम गप्प झाली. रेगने, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सभासदाने, टोपी काढली आणि मग ती कशाला काढली हे न कळून परत घातली. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. क्लिफर्ड तेवढा पुढे झाला.

"आण इकडे," तो म्हणाला. "आणि तोंड खाली करताना हे बटण दाबून धर. नाहीतर गचकन येतं आणि निम्मं तुझ्या पायावर."

"लेस्लीचे बूट मी वासामुळे बाहेर ठेवायला लावायचे. तो वास कसला, ते आत्ता कळलं," ईनिड म्हणाली.

कोणीतरी हसलं आणि रांग परत बोलायला लागली.

टाकी धुताना तिच्या लक्षात आलं की लेस्लीची औषधाची बाटली संपली आहे. या संडासाला दोन औषधं लागतात. खालच्या टाकीत निळं, वास मारायला. आणि वर, धुण्याच्या पाण्यात, गुलाबी, भांडं चकचकीत राहावं म्हणून. निळं तिच्याकडे होतं, गुलाबी नव्हतं. क्लिफर्डने आपली बाटली आणून दिली. ती घेईना, तर म्हणाला की मी एक दिवस साध्या पाण्यावर काढला तर माझं भांडं काही रुसणार नाही. त्याने स्वतःची पाण्याची टाकी रिकामी करून साध्या नळाच्या पाण्याने भरली.

पुढचं मला क्लिफर्डनेच सांगितलं, दोनदा, दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, लघवीला गेला आणि भांड्यात बघितलं तर गुलाबी. आधी त्याला वाटलं, कालचं औषध नळीत राहिलं असेल. त्याने पाणी सोडलं. पाणी आलं ते निर्मळ, आरपार. पुन्हा सोडलं, पुन्हा तसंच. मग तो संडासाचं झाकण टाकून त्यावर बसून राहिला. त्याला आठवायला लागलं की हा रंग तो मार्चपासून बघतोय. कॅराव्हॅनमध्ये त्याला वाटायचं, औषध जरा जास्त पडलं. मार्चमध्ये घरी एकदा दिसला होता, तेव्हा त्याने मार्जरीच्या, म्हणजे बायकोच्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बीटला दोष दिला होता आणि आठवडाभर बीट खाल्लं नव्हतं. मोरीवर काही कळायचा प्रश्नच नव्हता. निळ्यात सगळं निळंच होतं.

दुखत काहीच नव्हतं, हेच त्याला पटत नव्हतं. बसच्या इंजिनात बिघाड झाला की आवाज येतो, असं तो मला म्हणाला.

त्या दिवशी तो मोरीवर आमच्यासोबत आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी बाकीचे उठायच्या आधी गेला, तर तिथे ईनिड होती. आमच्या रांगेत उभं राहायला तिला संकोच वाटत होता म्हणून ती लवकर आलेली. मी त्या वेळी पलीकडच्या नळावर पाणी भरत होतो. मला दोघांनीही पाहिलं नाही आणि खाकरून सांगायचा धीर मला झाला नाही.

ईनिडने त्याला बाटली परत दिली. तो म्हणाला, ठेव तुझ्याकडे, मला नको. का नको, तिने विचारलं. आणि या माणसाने, ज्याचा आवाज तीन कुरणं ओलांडून जातो, इतक्या हळू सांगितलं की मला नळ बंद करावा लागला.

ईनिडने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, औषधपाण्यातलं तिला फारसं कळत नाही. तिने एवढंच विचारलं, "मार्जरीला माहीत आहे?"

"नाही. आणि सांगायचं नाही. सगळ्या मंडळांचा ऑगस्टचा मेळावा माझ्याकडे आहे. चाळीस गाड्यांच्या जागा आखायच्यात. एकदा डॉक्टरच्या तावडीत सापडलो की संपलंच. ऑगस्ट झाला की बघू."

"क्लिफर्ड, तू आमच्या टायरवरची तारीख वाचून लेस्लीला सगळ्या कुरणासमोर झापलं होतंस."

"ते वेगळं."

"टायर दुखतो म्हणून तक्रार करत होता का रे?"

तिने आपली टाकी उचलून चाकांवर बसवली.

"मी आता जाऊन किटली ठेवते," ती म्हणाली. "पाणी उकळेपर्यंत तू मार्जरीला सांगितलं नसलंस तर मी सांगते. आणि मी सांगितलं तर तिला दोन गोष्टींचा राग येईल."

क्लिफर्ड तिथेच उभा राहिला. मग आपली टाकी रिकामी न करताच, ती भरलेली तशीच मोरीवर सोडून, कॅराव्हॅनकडे गेला. मीच ती रिकामी करून त्याच्या दाराशी नेऊन ठेवली. आत मार्जरीचा आवाज येत होता. ती रडत नव्हती, त्याला मोजे कुठे आहेत ते विचारत होती. दहा वाजायच्या आत त्यांची गाडी फाटकातून बाहेर गेली होती.

त्याच्या डॉक्टरने त्याला लगेच हॉस्पिटलात पाठवलं. आत कॅमेरा घालून बघितलं तर मूत्राशयात एक छोटी गाठ होती. वाईट जातीची, पण वरवरची. ती काढली. परत येऊ नये म्हणून सहा आठवडे, दर मंगळवारी, मूत्राशयात औषध सोडायचं ठरलं. ऑगस्टच्या मेळाव्याच्या जागा रेगने आखल्या आणि दोन गाड्यांना एकच जागा दिली. हे कळल्यावर क्लिफर्ड असा ओरडला, की तो बरा होतोय असं मार्जरीला पहिल्यांदा वाटलं.

त्या मंगळवारांचीही एक गंमत आहे. त्या औषधात जिवंत जंतू असतात, म्हणून ते घेतल्यावर सहा तास, दर वेळी लघवी झाली की भांड्यात ब्लीच ओतून ठेवायचं आणि मग पाणी सोडायचं, असं नर्सने सांगितलं. क्लिफर्ड म्हणाला, कॅराव्हॅनच्या संडासात ब्लीच चालत नाही, रबर खातं. नर्स म्हणाली, तर मग घरी राहा. त्याने तिला रबराचा प्रकार समजावून सांगायला घेतला. मार्जरीने त्याची बाही ओढली. शेवटी घरी येऊन त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळं मांडलं. मंगळवारी औषध, तो दिवस घरच्या संडासात. बुधवारी अंगात कणकण, पडून राहायचं. गुरुवारी ठीक वाटलं तर निघायचं, रविवारी परत. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला जमत असेल तर जा. सहापैकी चार आठवड्यांत ते आले. जवळच, घरापासून अर्ध्या तासावर. लघवीला जळजळ व्हायची, रात्री पाच-पाच वेळा उठायला लागायचं, चेहरा ओढल्यासारखा दिसायचा. पण सकाळी मोरीवर तो यायचाच.

पहिल्या सकाळी तो आला तेव्हा आम्हाला सगळं माहीत होतं आणि आम्ही सगळे डोंगराकडे बघत होतो. क्लिफर्डने टाकी टेकवली आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मूत्राशयाचा कर्करोग. गाठ काढली. लघवीतून रक्त जात होतं, मला वाटलं औषधाचा रंग आहे. आता विचारा काय विचारायचं ते."

मग रेग म्हणाला, "कॅराव्हॅन ओढायला परवानगी आहे ना?"

"आहे."

"मग ठीक आहे," रेग म्हणाला.

पण त्यानंतर रांगेतलं बोलणं बदललं. अगदी एकदम नाही. आधी एकाने प्रोस्टेटच्या गोळ्यांचं सांगितलं, मग दुसऱ्याने. मीही एकदा माझ्याबद्दल दोन वाक्यं बोललो आणि आभाळ काही कोसळलं नाही. क्लिफर्डने प्रत्येकाला गुलाबी बाटली टाकून द्यायला लावली. आता आमच्याकडे सगळे साधं पाणी भरतात. रेग तेवढा गुलाबी वापरतो. त्याचं म्हणणं, भांडं आपलं, डोळे आपले. त्यावरून दोघांचं रोज वाजतं.

औषध संपल्यावर पुन्हा कॅमेरा घालून बघायचं होतं. ती तारीख नेमकी ऑक्टोबरमधल्या शुक्रवारी आली, आणि त्याच दिवशी फायली नावाच्या समुद्राकाठच्या गावी आमचा मोसमातला शेवटचा मेळावा सुरू होत होता. क्लिफर्डने ठरवलं की कॅराव्हॅन जोडूनच हॉस्पिटलला जायचं. निकाल चांगला असो नाहीतर वाईट, तिथून सरळ फायली. हॉस्पिटलच्या आवारात त्यांना ती लावू देईनात, म्हणून समोरच्या सुपरमार्केटच्या आवारात चार गाड्यांच्या जागा अडवून लावली आणि मार्जरी आत बसून पहारा करत राहिली. तो एकटाच चालत आत गेला.

आम्ही सकाळीच फायलीला पोचलो होतो. दुपारी चारच्या सुमारास त्यांची गाडी फाटकात दिसली. खिडकी बंद होती, आवाज येत नव्हता.

आमच्यात एक रीत आहे. कोणी गाडी जागेवर लावत असेल तर तो कॅराव्हॅनच्या चार कोपऱ्यांचे लोखंडी पाय टेकवून, पाणी-वीज जोडून, चहाला आधण ठेवेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. बोलण्यात लक्ष गेलं की माणूस एखादी गोष्ट विसरतो आणि रात्री कॅराव्हॅन कलंडते. तेव्हा आम्ही सगळे आपापल्या दाराशी उभे राहून काहीबाही करत होतो. रेग धुतलेला कप धूत होता. मी मंडपाचा एकच खुंटा परत परत ठोकत होतो. मार्जरी गाडीतून उतरली ती थेट आत गेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

क्लिफर्डने गाडीपासून कॅराव्हॅन सोडवली. पातळी बघायची नळी काढून लावली, बुडबुडा बघितला, एका चाकाखाली फळी सरकवली, परत बघितलं. फळी काढून दुसरी, जरा पातळ, घातली. मग गुडघे टेकून पहिला पाय हँडलने खाली घ्यायला लागला. इतक्या सावकाश त्याने तो कधीच घेतला नव्हता. आम्ही बघतोय हे त्याला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या पायाशी तो वाकला तेव्हा ईनिड आपल्या दारातून निघाली आणि ओलं गवत तुडवत सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी पाय टेकवतोय, दिसत नाही का?" तो म्हणाला.

"दिसतंय. काय म्हणाले?"

क्लिफर्डने हँडलवरून हात काढला नाही. पण मान वर केली आणि तिच्याशी नव्हे, सगळ्या कुरणाशी बोलला.

"आत काही नाही. स्वच्छ. तीन महिन्यांनी परत बघणार, मग परत तीन महिन्यांनी, असं बरीच वर्षं." मग तिला म्हणाला, "आता बाजूला हो बाई, माझे तीन पाय राहिलेत."

ईनिड बाजूला झाली, पण गेली नाही. तो दुसरा, मग तिसरा, मग चौथा पाय टेकवेपर्यंत ती तिथेच उभी होती. तोवर आम्हीही हळूहळू तिथे पोचलो होतो.