एकेक करून येणारे गुंड

आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. सिनेमातली मारामारी मला बघवत नाही. पहिला ठोसा उगारला गेला की माझे डोळे आपोआप मिटतात. आणि सासरे मला असे लाभले, की मारामारीच्या सिनेमावर त्यांच्याइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. रोह्याच्या एका कंपनीत ते शिफ्टला जायचे, पण जगायचे पडद्यावरच्या नियमांनी. घरी आले की एकच पाऊल उंबऱ्याच्या आत टाकून थांबायचे, कारण हिरोचे आधी बूट दिसतात, चेहरा मागाहून. "आत येताय का नाय? भात निवला!" असं सासूबाई ओरडल्या की मग उरलेले सासरे आत यायचे. बाजारात टोमॅटोवाल्याला बजावायचे, "गाडी आत घे रे बाबा, पाठलाग आला तर पयली तुझीच उलथणार." साहेब झापायला लागला की हे मंद हसत उभे, बाहेर आल्यावर म्हणायचे, "जो भाषण करतो तो शेवटाला हरतो." एकदा शिडीवरून पडून खांदा चांगलाच दुखावला, तर डॉक्टरकडे जायलाच तयार नव्हते. "खांद्याला लागलं म्हंजे काय लागलं नाय."

मुलगी द्यायची तर मुलाला आधी सिनेमाला न्यायचं, ही त्यांची पद्धत. कांदेपोहे झाले होते, मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि पुढच्याच रविवारी हे एसटीनं पेणला माझी परीक्षा घ्यायला हजर! आधीची स्थळं म्हणे थिएटरातच बाद झाली होती; एकाला झोप लागली, दुसरा भलत्या ठिकाणी हसला. मध्यंतरात बटाटावडा खात त्यांनी मला समजावलं, "गुंड कितीबी असूदे, एकेकच येतात. बाकीचे जागेवर नाचत ऱ्हातात. सगळे एकदम आले तर पिक्चर संपंल की!" शेवटची मारामारी मी डोळे गच्च मिटून ऐकली. बाहेर टपरीवर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "शेवटाला गुंड कसे आले?"

मी चहाचा घोट घेतला आणि त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं. "एकेक करून. बाकीचे नाचत होते."

त्यांनी पाठीत असा धपाटा घातला की अर्धा चहा माझ्या शर्टावर. "पोराला नजर हाय! पक्कं!"

संसार सुखाचा झाला. पुढे मधुमेहानं त्यांची नजर गेली. मग रविवारी मी रोह्याला जाऊन सिनेमाची कॅसेट लावायचो आणि ते माझा हात धरून बसायचे.

"काय चाललंय, जावईबापू?"

"काच फुटली." मी डोळे मिटून, नुसत्या आवाजावर सांगायचो.

"पडला?"

"पडला. ओठाचं रक्त अंगठ्यानं पुसतोय."

"आता बघा तुमी!" असं म्हणत ते ताठ बसायचे.

माझं कधी चुकलं नाही. ते सिनेमेच तसे होते. आल्यागेल्याला ते कौतुकानं सांगायचे, "आता माझे डोळे म्हंजे आमचे जावई." मी खाली बघायचो.

तसेच समाधानात ते गेले. एक वाक्य मी अजून त्यांचं देणं लागतो: बाबा, पडद्यासमोर आपण दोघं बसायचो खरे, पण बघत कोणीच नव्हतं.