घोंगडीवर बसा, नाव सांगा

चारठाण्याच्या वरच्या माळावर धनगरांची एक वाडी होती आणि त्या वाडीत येडबा म्हाळबा नावाचा धनगर राहायचा. बापासकट नाव सांगतोय, कारण पुढे या नावावरूनच रामायण घडणार आहे.

वाडीतल्या भांडणांचा निवाडा घोंगडीवर व्हायचा. ज्याची तक्रार असेल त्याने लिंबाखाली काळी घोंगडी अंथरायची, बिरोबाचं नाव घेऊन तिच्यावर भंडारा टाकायचा आणि ज्याला जाब विचारायचा त्याला त्याच्या नावाने, बापाच्या नावाने हाक मारायची. मग तो वाडीचा कारभारी असो नाहीतर कालचं पोर, त्याने पायताण काढून यायचं, घोंगडीवर बसायचं आणि खरं सांगायचं. बोलावणारा ‘ऊठ’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. एवढा सरळ कायदा निजामाच्या उभ्या राज्यात दुसरा नव्हता.

कारण राज्याचा कायदा कसा होता, तर सुगी आटोपली की साहेबाचा दौरा यायचा. ओढ्याकाठी तंबू पडायचे आणि गावचा पाटील किशनराव हात जोडत पळापळ करायचा. कोणाचं लाकूड उचल, कोणाचं दूध आण, आणि धनगरांचा बोकड. द्यायचा का, असं कोणी विचारतसुद्धा नसे. वेठ बंद झाल्याचं फर्मान निघालंय, असं बाजारात कोणी कोणी कुजबुजायचं. निघालं असेल. माळावर चढून यायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही.

एका साली शिपायांनी येडबाचा म्होरक्या नेला. म्होरक्या म्हणजे कळपापुढे चालणारा, गळ्यात घंटी बांधलेला बोकड. तो पाण्यात उतरला की मगच मेंढ्या उतरतात. तो नसला तर काठावर माना खाली घालून उभ्या राहतात. येडबाने त्याला पिल्लू असल्यापासून शिकवून तयार केला होता. कळप पाणी प्यायला ओढ्यावर गेला, तिथेच शिपायांनी त्याची शिंगं धरली. एक लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन येडबा मागून पोचला, तोवर बोकड कापून झाला होता.

येडबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच घरी आला आणि बायकोने, भागुबाईने, स्वतः लोकर कातून करून घेतलेली घोंगडी त्याने दांडीवरून ओढली.

“आवं, सरकारापुढं कुठं घोंगडी आंथरत्यात का?” भागुबाई म्हणाली.

“कामून? सरकार माणूस न्हाई का? माणूस हाय तर बसंल.”

इथेच गडी चुकला. आपला कायदा सगळ्यांनाच लागू आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

तंबूत साहेब जेवून खुर्चीत रेलला होता. येडबाने समोर घोंगडी अंथरली, भंडारा टाकला, हात जोडले आणि चालीप्रमाणे विचारलं, “साहेब, तुमचं नाव काय? बापाचं नाव काय?”

साहेब किशनरावाकडे वळला, “क्या बोलरा ये?”

“हुजूर, येडा है,” किशनराव हात जोडून म्हणाला.

“येडा न्हाई. जाब इचारायचाय. नावाबिगर हाक कशी मारू?”

पुढे काय झालं ते काय सांगायचं! त्याला त्याच्याच घोंगडीवर पाडून गुरासारखा मारला. लाकूड देणारे, दूध देणारे, सगळे तिथेच मूग गिळून उभे होते. आणि ज्या किशनरावाच्या बांधावरचं भांडण कधीकाळी याच वाडीने मिटवून दिलं होतं, त्याने ती घोंगडी पायाने उडवून चिखलात लोटली. माराचे वळ गेले, पण ती लाथ येडबाच्या डोक्यातून गेली नाही.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वाडीतल्या एकेकाला विचारलं, साहेबाचं नाव काय? कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी सालं बोकड चारले, पण कोणाला चारले ते माहीत नाही! हुजूर, सरकार, साहेब. नाव नसलेल्या माणसाला जाब कोण विचारणार? म्हणूनच हे हरामखोर नाव सांगत नाहीत, हे येडबाला तेव्हा कळलं आणि त्याने दातओठ खाल्ले.

मग त्याने तेच धरलं. शिपाई येवो, अंमलदार येवो, आधी नाव विचारायचं. त्यापायी त्याने शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, एकदा कोठडीतही बसून आला. बाजारात मान वर न करणारा हा माणूस पुढे चार गावांच्या माणसांसमोर खणखणीत बोलायला लागला. त्याचं बघून इतरही विचारायला लागले. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात फौज आली, निजामी बुडाली, किशनराव शेपूट घालून सासुरवाडीला पळाला, आणि लोकांनी येडबाला सांगितलं, “आता तूच गावचा कारभारी.”

दिवाळीच्या सुमाराला नव्या राज्यातला साहेब यायचा निरोप आला. येडबाची छाती फुगली.

“आपला माणूस यायलाय,” तो म्हणाला. “त्याच्यापुढं काय नुसती भाकर ठिवायची?”

आणि गडी निघाला. कोणाला लाकूड सांगितलं, कोणाला दूध. आश्रुबाच्या दारात त्याचा म्होरक्या बांधलेला होता, वाडीतला सगळ्यात गुबगुबीत. येडबाने बोट दाखवलं. आश्रुबाने बोकडाच्या गळ्यातली घंटी सोडून मुठीत धरली, दोरी पुढे केली आणि खाली बघत म्हणाला, “घ्या, मालक.”

मालक! हा शब्द येडबाला ऐकू आला नाही असं नाही. ऐकू आला, आणि तरी त्याने दोरी धरली. याचाच संताप येतो.

बोकड ओढत तो लिंबापर्यंत आला तेव्हा भागुबाई चुलीपुढून उठली. बाईमाणसाने घोंगडी अंथरायची वाडीत चाल नव्हती. तिने अंथरली. भंडारा टाकला. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते बापासकट सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं घेतलं.

“येडबा म्हाळबा! घोंगडीवर ये!”

बायांनी पदर तोंडाला लावले.

“भागे, शुद्धीवर हायस का?”

“पायताण काढून ये.”

येडबाचा संताप अनावर झाला. एक लाथ मारली असती तर घोंगडी पार धुळीत गेली असती. पाय उचललाही होता. आणि तो उचललेला पाय त्याला ओळखीचा वाटला, किशनरावाचा. त्याने पायताण काढलं आणि खाली बसला.

“बोकड कुणी मागितला?” भागुबाईने विचारलं.

“साहेबासाठी...”

“कुणासाठी ते न्हाई इचारलं. साहेबानं मागितला का?”

घोंगडीवर खोटं बोलता येत नाही.

“न्हाई. साहेबानं नुस्तं येतो म्हणून सांगितलं,” येडबा म्हणाला. “बोकड मीच मागितला.”

“आश्रुबाला इचारलं?”

“न्हाई. चुकलो.”

जन्मभर त्याला साहेबाचा राग आला, पाटलाचा आला. आज स्वतःचा असा आला की मान वर होईना. आश्रुबाने येऊन दोरी घेतली, घंटी पुन्हा बोकडाच्या गळ्यात बांधली आणि निघून गेला. भागुबाई परत चुलीपुढे जाऊन भाकरी थापायला लागली. ‘ऊठ’ काही ती म्हणाली नाही.

दुपारी धुरळा उडवत जीप आली. नवा साहेब उतरला, इकडेतिकडे बघत म्हणाला, “गावचा कारभारी कोण आहे?”

“मी हाय,” घोंगडीवरून येडबा म्हणाला. “पर मला आत्ता उठता येत न्हाई. मी जाब द्यायला बसलोय.”

मग तो थोडा सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने झाडली.

“बसा, साहेब. पायताण काढा. तुमचं नाव काय? बापाचं नाव काय?”