थोडं कमी प्रेमळ पत्र

आमच्या खासदारांना पहिल्यांदा भेटले तेव्हा मी आधी त्यांच्या बुटांकडे बघितलं. बुटांना चिखल होता. तो दारोदार फिरून लागलेला की मतदारांना दिसावा म्हणून तसाच ठेवलेला, हे काही मला ठरवता येईना. मी तशीच आहे. बँकांचं सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. सगळं नीट चालतंय असं कुणी सांगितलं, की ते कुठे बंद पडेल ते शोधायचं. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसांच्या बाबतीतही सवय सुटत नाही. नवरा म्हणतो, तू वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दोनदा वाचतेस.

इथे इंग्लंडमध्ये खासदार दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसतात आणि मतदारांची गाऱ्हाणी ऐकतात. ईमेल करून वेळ घ्यायची, पंधरा मिनिटं मिळतात. मी नागपूरची. आमच्याकडे आमदाराला भेटायचं तर आधी त्याच्या जवळचा माणूस गाठायचा, त्याच्याही जवळचा कुणी असेल तर आधी त्याला. इथे ओळख लागत नाही, हेच मला खटकलं. ओळखीशिवाय काम करून देणाऱ्याला त्यातून मिळतं काय? हे खासदार आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीलाही आले होते, मेडनहेडच्या हॉलमध्ये. मोदक तोंडाजवळ धरून त्यांनी फोटो काढून घेतला. तो मोदक ते खातात का, यावर मी लक्ष ठेवून होते. त्यांनी तो नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात टाकला. पुढच्या महिन्यात दारात पडलेल्या त्यांच्या पत्रकात तोच फोटो होता.

पण माझी गरज मोठी होती. आई एक्याऐंशी वर्षांची, नागपुरात फ्लॅटमध्ये एकटी. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर वॉकरशिवाय तिला चालता येईना, आंघोळही एकटीने जमेना. मी एकुलती एक. तिला कायमचं इथे आणण्यासाठी आम्ही अर्ज केला होता. त्याचा नियम विचित्र आहे. म्हाताऱ्या माणसाला रोज दुसऱ्याची मदत लागते हे तर दाखवायचंच, पण ती मदत त्याला तिथे मिळूच शकत नाही हेही सिद्ध करायचं. डॉक्टरांचे दाखले, एक्स-रे, कामवाल्या बायका टिकत नाहीत याचे कागद, सगळं मी जोडलं. चार महिन्यांनी नकार आला.

खासदारांनी ते नकाराचं पत्र माझ्यासमोर पूर्ण वाचलं. मी घड्याळ लावलं होतं. त्यात त्यांची सहा मिनिटं गेली, आणि मला वाटलं, हा माणूस वेळ काढतोय. शेजारी त्यांच्या ऑफिसातल्या बाई बसल्या होत्या. मतदारांची प्रकरणं त्याच सांभाळतात. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा अडकवलेला, आणि माझ्याकडे न बघता लिहून घेणाऱ्या. मग खासदारांनी एका परिच्छेदावर बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की अर्जदाराच्या शेजारणीच्या पत्रावरून अर्जदाराला प्रेमाने व नियमितपणे सांभाळलं जात असल्याचं दिसतं.

ते पत्र काकूंचं. काकू म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, इंग्रजी चांगलं. आईची अवस्था काय आहे ते चार ओळींत लिहून द्या, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी दीड पान लिहिलं. आई आमच्या बिल्डिंगची आई आहे, मी सकाळी त्यांना आंघोळ घालते, दुपारचा डबा देते, त्या आमच्यावर भार नाहीत, आम्ही असेपर्यंत त्यांना काही कमी पडणार नाही. लेकीने इकडची काळजी करू नये, असंही शेवटी होतं. ते वाचून मी ऑफिसच्या किचनमध्ये उभी राहून रडले होते, आणि रडत रडतच ते अर्जाला जोडलं होतं. एवढी चिकित्सक मी, आणि ते पत्र अर्जाचा गळा कापणार आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खासदार हळू आवाजात म्हणाले, “शी इज अ लव्हली वुमन. पण या पत्राने तुमची केस बुडवली. त्या दुसरं पत्र देतील का? थोडं कमी प्रेमळ?”

मी विचारलं, किती कमी. त्यावर त्या बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं.

खासदार म्हणाले, खोटं काही लिहायचं नाही. काकूंचंही वय झालं असेल, कायम जमेल असं नाही, एवढं खरं असेल तर तेवढंच यावं. मग त्यांनी आणखी एक विचारलं. या नियमात बदल सुचवणारी दुरुस्ती ते पार्लमेंटमध्ये मांडणार होते. शेजाऱ्याने आपणहून केलेली मदत ही हक्काची सोय म्हणून मोजू नये, अशी. त्या भाषणात नाव न घेता माझी गोष्ट सांगितली तर चालेल का? इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे हे हवं होतं तर. मोदकासारखंच. मी विचार करून सांगते म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी आजवर कशाला मत दिलं ते शोधायला बसले. हे सगळं इथे उघडं असतं, कुणीही बघावं. काही वर्षांपूर्वी नियम जेव्हा आणखी कडक झाले, तेव्हा त्यांनी बाजूने मत दिलेलं होतं.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी मी तो कागद छापून नेला आणि त्यांच्यापुढे ठेवला. ते चिडतील, नाहीतर पक्षाचा आदेश होता म्हणतील, असं धरून मी गेले होते.

“हो, दिलं होतं,” ते म्हणाले. “आकडे समोर होते, तुम्ही नव्हता. आज मी तसं मत देणार नाही.”

उत्तर सरळ होतं आणि म्हणूनच मला ते घोटून पाठ केलेलं वाटलं. तरी मी परवानगी दिली. आईसाठी मी कुणालाही कशाचीही दिली असती.

भाषण मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर बघितलं. सभागृह जवळजवळ रिकामं. मागे एक जण फोन चाळत होता. आमचे खासदार उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या मतदारसंघातली एक स्त्री, तिची वृद्ध आई, आणि आईला रोज सूप आणून देणारी शेजारीण. सूप! काकूंच्या डब्यात वरण-भात, पोळी आणि शनिवारी पातळ पिठलं असतं. माझ्या आईची गोष्ट त्यांनी त्यांच्या लोकांना रुचेल अशी शिजवून घेतली होती, आणि मला राग आला. पण पुढे त्यांचा आवाज जरा बदलला. ते म्हणाले, की आपल्या नियमाने एका भल्या बाईच्या भलेपणाचा पुरावा केला, आणि तो तिच्याच मैत्रिणीविरुद्ध वापरला. मी हातातला घास खाली ठेवला.

मंत्र्यांनी उत्तरात नेहमीची वाक्यं वाचली आणि शेवटी म्हणाले, की या विशिष्ट प्रकरणात नवा पुरावा आला तर आपण जातीने लक्ष घालू. खासदारांनी दुरुस्ती मागे घेतली. मतदानच झालं नाही. मी खासदारांच्या ऑफिसातल्या त्या बाईंना फोन करून जवळजवळ भांडले, की हे आधीच ठरलेलं नाटक होतं का. त्या शांतपणे म्हणाल्या, मत घेतलं असतं तर हरलो असतो, आणि मंत्र्यांनी दार किलकिलं ठेवलंय तेही बंद झालं असतं. आता नवं पत्र आणा. मला हे पटलं नाही. इथे प्रत्येकाकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असतं.

आता काकूंना सांगायचं होतं. साधं काम. पण मधल्या आठवड्यांत माझं डोकं दुसरीकडेच धावायला लागलं होतं. बँकेत अधिकारी म्हणून नोकरी केलेली बाई, हजार अर्ज तपासलेली. कागदावर काय लिहिल्याने काय होतं हे तिला कळत नाही? आईच्या फ्लॅटची किल्ली त्यांच्याकडे, पासबुकं कुठे आहेत ते त्यांना ठाऊक. त्यांच्या दिरांनी एकदा विचारलं होतं, की हा फ्लॅट पुढेमागे विकणार असाल तर आम्हाला आधी सांगा. विचारलं होतं ते सहा वर्षांपूर्वी, लिफ्टमध्ये, सहज. पण मला आता ते सहज वाटेना. आई तिथेच राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे मी एका कोऱ्या कागदावर मांडूनही बघितलं. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

शनिवारी सकाळी फोन केला तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. मी नव्या पत्राचं सांगितलं. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, अगं पण मी करतेच ना सगळं, मग करत नाही असं कसं लिहू? तुझ्या आईला ते वाचून काय वाटेल? यात काही वाकडं नव्हतं. आज मला ते स्पष्ट दिसतं. पण तेव्हा माझ्या कानांना फक्त नकार ऐकू आला.

“काकू, खरं सांगा,” मी म्हणाले. “आई इकडे यावी असं तुम्हाला वाटतच नाही ना? फ्लॅटवर डोळा आहे तुमचा?”

मेथीचं ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “तुझ्या आईची किल्ली आज तिच्या हातात देते.” आणि फोन ठेवला.

मी लगेच परत फोन करायला हवा होता. केला नाही. उलट नवऱ्याला म्हणाले, बघ, किती झोंबलं, म्हणजे पाणी मुरत होतंच. तो कुत्र्याला फिरवायला निघून गेला.

आईने चार दिवस काही सांगितलं नाही. व्हिडिओवर ती स्वयंपाकघरात बसलेली दिसायची, केस न विंचरलेले. जेवलीस का विचारलं की हो म्हणायची. पाचव्या दिवशी मीच विचारलं, काकू कुठे आहेत, दिसत नाहीत. आई म्हणाली, “ती किल्ली टेबलावर ठेवून गेली. रडत होती. तू काय बोललीस तिला?” मी सांगितलं. आईने माझ्यावर आवाज चढवला नाही. ती फक्त म्हणाली, की माझी आंघोळ झालेली नाही चार दिवस, आणि मी हे तुला सांगणार नव्हते. त्या दिवशी मी काकूंना सात वेळा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मेसेज केला, माफी मागितली. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. एजन्सीची बाई ठेवली, ती तीन दिवसांनी गेली, दुसरी आलीच नाही.

मग मला ईमेल आला. काकूंनी नवं पत्र स्कॅन करून पाठवलं होतं, व्यवस्थित, तारीख आणि सहीसकट. मजकूर दोन ओळींचा. मी यापूर्वी यांना मदत करत होते. यापुढे मी ती करू शकत नाही आणि करणार नाही.

मी तो खासदारांच्या ऑफिसला पुढे पाठवला. अर्ध्या तासात त्या बाईंचं उत्तर आलं, हेच हवं होतं, अगदी नेमकं. मी ते उत्तर बंद केलं.

दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. खुद्द खासदार. मला वाटलं अभिनंदन करायला असेल, किंवा पत्रकात छापायला दोन वाक्यं हवी असतील. त्यांनी तसं काही विचारलं नाही. म्हणाले, हे पत्र घेऊन मी उद्या मंत्र्यांना भेटतोय. माझ्या नावावर देतोय, म्हणून एकच विचारायचंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.

“हे पत्र खरं आहे ना?”

एवढ्या महिन्यांत त्या माणसाच्या प्रत्येक शब्दामागे मी काहीतरी शोधलं होतं. या प्रश्नामागे काही नव्हतं.

“आता आहे,” मी म्हणाले.