नेडोची शेवटची कमान

आमच्या पोंतेरोसा गावात कमान बांधायची पद्धत साधी आहे. खाली लाकडी साचा उभा करायचा, त्यावर दगड रचायचे आणि चुना धरला की साच्याखालच्या पाचरी ठोकून काढायच्या आणि साचा उतरवून घ्यायचा. नेडो बर्तोलिनी गवंड्याचं काम मात्र तिथे संपत नसे. साचा निघाला की तो त्याच कमानीखाली खुर्ची टाकून जेवायला बसे. पाव, मॉर्टाडेला सॉसेजच्या चकत्या आणि पेलाभर वाइन. शेवटचा घास गिळला की वर बघून म्हणे, "हलत नाही." मग घरमालकाने आत यायचं. त्याचा बापही असंच करायचा.

"चुकलं" हा शब्द नेडोच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. स्वतःच्या लग्नाला तो उशिरा पोहोचला, तेव्हाही चर्चचं घड्याळ पुढे आहे म्हणून पाद्र्याशी भांडला होता. त्याची बायको इवाना हे सगळ्यांना सांगे आणि तो बाजूला बसून मान हलवी, "होतंच पुढे!"

गेल्या हिवाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तेव्हापासून लोक कामासाठी खालच्या गावच्या तरुण गवंड्यांकडे जाऊ लागले. अशात योस्ट आणि माइके या डच नवरा-बायकोने आमच्याकडचं जुनं दगडी घर घेतलं. गावचा हिशेबनीस म्हणून त्यांची कागदपत्रं मी बघत होतो. गवंडी कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नेडोचं नाव सुचवलं. स्वयंपाकघर आणि शेजारचा जुना गोठा यांच्यामधली जाड भिंत फोडून तिथे कमान काढायची होती. वर दोन खोल्यांचा भार. हे काम नीट झालं तर नेडो पुन्हा उभा राहणार होता. बिघडलं तर थापी कायमची खिळ्याला.

भिंतीला वरच्या बाजूला एक जुनी चीर होती. अशा चिरेवर गवंडी प्लास्टरची आडवी पट्टी मारतात आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरतात. पट्टी तडकली तर भिंत सरकते आहे असं समजायचं. नेडोने सप्टेंबरात तशी पट्टी मारली होती. मी दर आठवड्याला जाऊन ती बघत असे. अखंड होती.

साचा उतरवायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. ऑक्टोबर होता, अंगणभर चेस्टनट पडले होते. आत नेडो एकटाच होता. सवयीने माझी नजर वर गेली. पट्टी जागेवर होती, सप्टेंबरची तारीखही होती. पण महिनाभर पांढरी दिसणारी पट्टी आज राखाडी दिसत होती. मी शिडीवर चढून बोट लावलं. बोट ओलं झालं.

"नेडो, ही पट्टी ताजी आहे."

"उतरा खाली, हिशेबनीस. पडाल."

"जुनी तडकली का?"

तो हात पुसत राहिला. "थंडीने तडकली. केसाएवढी. प्लास्टरच हलकं होतं."

"मग तारीख जुनी का घातलीस?"

"तुम्ही आकड्यांचं बघा, दगडांचं मी बघतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आज साचा उतरला नाही ना, तर उद्या सगळं गाव म्हणेल म्हाताऱ्याला दिसत नाही. खाली मीच बसणार आहे की नाही? जायचा तर माझा जीव जाईल. तुम्ही गप्प बसा."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि दारिओ, त्याचा मेव्हणा, हातोडा खांद्यावर टाकून आत आला.

"काय दाजी, डबा आणलात ना? का ताईने आज उपाशी पाठवलं?"

"तू पाचरी बघ. तोंड नंतर चालव."

मागून योस्ट आणि माइके आले. सहा फूट उंचीचा योस्ट जुन्या दारांतून वाकूनच फिरे. इटालियन तो वर्गात जाऊन शिकलेला, सावकाश आणि नीट बोलायचा. मी त्याला बाजूला घ्यावं म्हणून पुढे झालो, तर नेडोने माझ्याकडे असं पाहिलं की पाय जागीच राहिले. दारिओने पहिल्या पाचरीवर घाव घातला होता.

पहिली पाचर सुटली. साचा कुरकुरला. दुसरी सुटली तेव्हा कमानीच्या डोक्यावरून चिमूटभर वाळू साच्यावर सांडली.

"दाजी, ही वाळू कसली?"

"जुन्या घरात धूळ नसते होय? मार पुढे."

नेडोने खुर्ची आणून भिंतीशी ठेवली. त्याच्या कपाळावर घाम होता आणि घरात तर अजून चूलही पेटलेली नव्हती. तेवढ्यात योस्ट आतल्या खोलीत गेला आणि दुसरी खुर्ची घेऊन आला. काखेत वाइनची बाटली.

"नेडो, आज मी पण बसणार. तुमच्याबरोबर जेवणार."

"नको साहेब. हा गवंड्याचा रिवाज आहे. मालक नंतर येतो."

"पण माझं घर आहे. तुम्ही बसणार, मी लांब उभा राहणार? ते बरं दिसत नाही." त्याने खुर्ची नेडोच्या खुर्चीला चिकटवून ठेवली. माइके हसत फोन काढून फोटोसाठी तयार झाली.

"अहो, कपड्यांवर चुना पडेल."

"पडू दे."

"तुमच्या बायकोला विचारा."

"तिने पाव कापून आणलाय."

दारिओ खो खो हसला. "बसू द्या की दाजी! तुम्हालाही गप्पांना माणूस." आणि त्याने तिसऱ्या पाचरीवर हातोडा उगारला.

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी नेडो ओरडला, "थांब! मारू नकोस!"

हातोडा वरच राहिला.

"त्या दोन परत घाल. ठोकून बसव. मग टेकू आण, मोठे आण. साहेब, मागे व्हा. बाईसाहेब, तुम्ही अंगणात जा, लवकर!"

दारिओ धावला. दोन्ही पाचरी आत बसल्या. साचा पुन्हा कमानीला भिडला, चार टेकू लागले, तेव्हा कुठे नेडो भिंतीपासून दूर झाला.

अंगणात योस्टने विचारलं, "काय झालं?"

"भिंत सरकतेय." नेडो जमिनीकडे बघत म्हणाला. "काल पट्टी तडकली. मी रात्रीतून नवी मारली, जुनी तारीख घालून. माझं चुकलं."

माइके त्याच्यावर ओरडली. आधी इटालियनमध्ये, मग शब्द पुरेनात म्हणून डचमध्ये. नेडो टोपी काढून उभा होता. ती थांबली तेव्हा योस्टने हळू विचारलं, "मी खुर्ची आणली नसती तर तुम्ही बसला असता?"

"बसलो असतो."

"आणि आता? तुम्ही दुरुस्त कराल का?"

इतक्या वर्षांत या प्रश्नाला नेडोचं उत्तर ठरलेलं असे. त्या दिवशी त्याने नकारार्थी मान हलवली.

"दुसऱ्याला दाखवा," तो म्हणाला. "खालच्या गावात अमेरिगो आहे, तरुण आहे, नजर चांगली आहे. मी बघितलं तर मला हवं तेच दिसेल."

दोन दिवसांनी अमेरिगो आला. त्याने भिंत उघडली तर आतून जुन्या धुराड्याची पोकळी वरपर्यंत गेलेली. कधी काळी कुणीतरी ती नुसती मातीने बुजवली होती. कमानीचा एक पाय नेमका त्या मातीवर होता. योस्टने काम अमेरिगोला दिलं. गावात व्हायची ती चर्चा झाली.

चार दिवसांनी मी सह्या घ्यायला त्या घरी गेलो. अमेरिगो पोकळीत दगड बसवत होता. अंगणात नेडो बाह्या वर सारून त्याच्यासाठी चुना कालवत होता.

"घट्ट झालाय, नेडोकाका," आतून अमेरिगो ओरडला. "पाणी घाला."

"घालतो," नेडो म्हणाला आणि बादली उचलली.